दहा हजारांत एक: कुठल्या पेशीला कुठला रंग लावायचा?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

तळेघरहून बोलतोय, त्यामुळे मध्येच आवाज तुटला तर समजून घ्या. इथे रेंज पावसाच्या मूडवर चालते.

आजचा विषय ऐकायला जड आहे, पण शेवटपर्यंत थांबा. रक्ताच्या किंवा बोन मॅरोच्या नमुन्यात दहा हजारांत एखादीच असणारी पेशी शोधायची असेल, तर तिला कुठला चमकणारा रंग लावायचा? या तंत्राला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. मी डॉक्टर नाही, बी.टेक. केलेला सॉफ्टवेअरवाला आहे. पण गोंगाटातून सिग्नल काढणं हे माझं रोजचं काम, आणि या तंत्राचा गाभा तोच आहे.

आधी अंदाज घेऊ. 'दहा हजारांत एक' म्हणजे किती? आपल्याकडच्या एक किलो तांदळात साधारण पन्नास हजार दाणे धरा. त्यातले फक्त पाच दाणे वेगळे आहेत. रंग तोच, लांबी जवळपास तीच. ते पाच शोधायचे आणि सहावा चुकूनही उचलायचा नाही. सुपात घेऊन निवडायला बसलात तर आजीसुद्धा हात टेकेल.

हे शोधायचंच कशाला?

लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, थोडक्यात 'ए-एल-एल'. हा रक्ताचा कॅन्सर आहे. बहुतेक वेळा यात बी-पेशी, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीतल्याच पेशी, कोवळ्या अवस्थेत अडकतात आणि बेसुमार वाढतात. चांगली गोष्ट ही की नीट उपचार मिळाले तर यातली बहुतेक मुलं बरी होतात.

आजार सापडतो तेव्हा शरीरात अशा पेशी साधारण एक लाख कोटी असू शकतात. पहिल्या महिन्याच्या औषधांनंतर मायक्रोस्कोपखाली मॅरो स्वच्छ दिसतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण मायक्रोस्कोपला 'स्वच्छ' दिसणाऱ्या शरीरातही हजार कोटीपर्यंत पेशी उरलेल्या असू शकतात. ही जी उरलेली फौज, तिला 'एम-आर-डी' म्हणतात, मिनिमल रेसिड्युअल डिसीज. पहिला महिना संपताना ती ०.०१ टक्क्यापेक्षा, म्हणजे दहा हजारांत एकपेक्षा, कमी आहे की जास्त, यावर पुढचे उपचार सौम्य ठेवायचे की कडक करायचे हे ठरतं.

आता दोन्ही बाजूंनी चूक काय होऊ शकते बघा. पेशी आहेत आणि दिसल्या नाहीत, तर मुलाला कमी औषध मिळतं आणि आजार परतू शकतो. पेशी नाहीत पण आहेत असं वाटलं, तर पाच वर्षांच्या पोराला गरज नसताना जास्त विषारी औषधं जातात. म्हणून रंगांची निवड हा प्रयोगशाळेच्या हौसेचा मामला नाही.

मशीन नेमकं करतं काय?

कल्पना सोपी आहे. पेशींची रांग लावायची, द्रवाच्या बारीक धारेतून एकेक पेशी लेझरसमोरून न्यायची, आणि ती किती आणि कुठल्या रंगात चमकली ते मोजायचं. सेकंदाला हजारो पेशी. पाच हजारांच्या वेगाने गेलं तर दहा लाख पेशी मोजायला तीन-साडेतीन मिनिटं पुरतात. स्टॅनफर्डला लेन हर्झेनबर्ग यांच्या गटाने अशा चमकीवरून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्राचं काम १९६९ साली प्रसिद्ध केलं, तिथून हे शास्त्र पुढे आलं.

पण पेशी आपोआप चमकत नाही. तिच्या पृष्ठभागावर वेगवेगळी प्रथिनं असतात, त्यांना 'सीडी' नंबर दिलेत: सीडी १९, सीडी १०, सीडी ३८ वगैरे. ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, आणि तिच्या पाठीवर चमकणारा रंग बसवायचा. आधार कार्डचा नंबर आणि रिफ्लेक्टिव्ह स्टिकर एकत्र, असं समजा.

इथे एक गैरसमज काढून टाकू. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी तुम्ही पाहिली असेल, निदान रील्समध्ये तरी. ती स्वतःच्या रसायनातून उजेड बनवते. काजवेही तसेच. आपले हे रंग तसे नाहीत. त्यांच्यावर बाहेरून उजेड टाकावा लागतो, मग ते वेगळ्या, जास्त लांबीच्या तरंगाचा उजेड परत देतात. याला फ्लुरोसन्स म्हणतात. घरी बघायचं असेल तर थोड्या सॅनिटायझरमध्ये चिमूटभर हळद ढवळा, अंधार करा आणि नोटा तपासायची यूव्ही टॉर्च मारा. हिरवट-पिवळं चमकेल. टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारू नका आणि सॅनिटायझर विस्तवाजवळ नेऊ नका, बाकी प्रयोग बिनधास्त करा.

प्रयोगशाळेतले रंग म्हणाल तर 'फिटसी' हा जुना हिरवा रंग आहे, ५२० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. 'पीई', म्हणजे फायकोएरिथ्रिन, लाल समुद्री शेवाळातून मिळतं, ५७८च्या आसपास नारिंगी चमकतं आणि भलतंच तेजस्वी आहे. १९८२ साली ते या कामात आलं. पुढे २०१२मध्ये 'ब्रिलियंट व्हायोलेट' रंग आले, वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या ज्या शोधाला २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच घराण्यातले.

मग सगळ्यांना झगमगीत रंग का लावत नाहीत?

कारण रंग आपल्या हद्दीत राहत नाहीत. फिटसीचा उजेड मुख्यतः हिरव्या डब्यात पडतो, पण त्याची शेपटी शेजारच्या पीईच्या डब्यातही सांडते. आठ-दहा रंग एकत्र वापरले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगणात थोडा थोडा सांडत असतो.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. तिथे गेलात की मोबाईल बंद करायला सांगतात. का? तुमच्या मोबाईलचा आवाज जगाच्या हिशेबात फुटकळ आहे, पण ती दुर्बीण जे ऐकू पाहते ते त्याहून कितीतरी क्षीण आहे. दुर्बीण कितीही भारी असो, शेजारी आरडाओरडा असेल तर कुजबुज ऐकू येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, दादा, सॉफ्टवेअर आहे ना! फिटसी किती टक्के सांडतं हे माहीत असेल तर तेवढं वजा करून टाका. बरोबर, तसं करतातच. त्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. गणितात बघितलं तर एक मॅट्रिक्स उलटायचा, बारावीतला प्रकार. पण खरी गोम तिथेच आहे, म्हणून कागद-पेन घ्या.

समजा एका पेशीतून फिटसीचे १०,००० फोटॉन आले आणि त्याच्या १० टक्के, म्हणजे १,०००, पीईच्या डब्यात सांडले. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे पडतात. दर वेळी बरोबर १,००० पडत नाहीत, कधी ९७०, कधी १,०३०. हा डोलारा साधारण वर्गमूळाइतका असतो. १,०००चं वर्गमूळ जवळपास ३२. तुम्ही १,००० वजा केलेत. सरासरी शून्यावर आली, ग्राफ सरळ झाला, मस्त. पण ते ३२ गेले का? नाही! ते तसेच पसरून बसलेत. आणि तुमच्या दुर्मिळ पेशीवरचं क्षीण प्रथिन पीईमध्ये फक्त ४० फोटॉन देत असेल तर? ४० आहेत की नुसताच ३२चा डोलारा, हे कसं ओळखणार?

तेच शेजारी फिटसी १०० फोटॉनचंच असतं, तर सांडले असते १०, डोलारा ३. मग ४० उठून दिसले असते.

वजाबाकीने सरासरी दुरुस्त होते, पसारा होत नाही. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच. नमुना मशीनमध्ये जाण्याआधी रंगांची वाटणी चुकली, तर नंतर कितीही हुशार कोड लिहा, एआय लावा, जी माहिती फोटॉनमध्येच आली नाही ती परत येत नाही. सॉफ्टवेअरवाला असून सांगतोय.

वाटणीचे नियम

यातून चार नियम निघतात. ते जगभर वापरले जातात.

पहिला: क्षीण प्रथिनाला तेजस्वी रंग, आणि भरपूर असलेल्या प्रथिनाला साधा रंग. सीडी ४५ जवळपास सगळ्या पांढऱ्या पेशींवर ढिगाने असतं, त्याला मंद रंग पुरतो. मोठ्या आवाजाच्या माणसाच्या हातात माईक देऊ नका.

दुसरा: जे दोन रंग एकमेकांत फार सांडतात, ते एकाच पेशीवर एकत्र न येणाऱ्या प्रथिनांना द्या. सीडी ३ टी-पेशींवर असतं, सीडी १९ बी-पेशींवर. एका पेशीवर दोन्ही सहसा नसतात, मग एकाचं सांडणं दुसऱ्याला त्रास देत नाही.

तिसरा: ज्या डब्यात निर्णय व्हायचा आहे, तो डबा शांत ठेवा. भोवतीचे रंग असे निवडा की त्या डब्यात कमीत कमी सांडेल.

चौथा: खात्री करून घ्या. एक रंग सोडून बाकी सगळे घातलेली नळी चालवायची. त्या रिकाम्या डब्यात जे दिसेल तो निव्वळ गोंगाट, आणि त्याच्या वर जे असेल तेच खरं. शिवाय अँटिबॉडीचं प्रमाणही आधी तपासून ठरवावं लागतं. जास्त घातली की नको तिथे चिकटते. मेलेल्या पेशी तर कुठलीही अँटिबॉडी ओढून घेतात, म्हणून त्यांना ओळखून बाजूला काढावं लागतं.

खऱ्या पॅनेलमध्ये हे कसं दिसतं?

युरोपातल्या प्रयोगशाळांच्या 'युरोफ्लो' नावाच्या गटाने २०१७ साली बी-पेशींच्या ए-एल-एलसाठी आठ रंगांची, दोन नळ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तिची वाटणी बघण्यासारखी आहे.

इथे अडचण नुसती दुर्मिळतेची नाही, तोतयांची आहे. औषधांनंतर मुलाचा मॅरो पुन्हा उभा राहायला लागतो, तेव्हा निरोगी कोवळ्या बी-पेशीही भराभर तयार होतात. त्यांना हिमॅटोगोन्स म्हणतात. त्यांच्यावरही सीडी १९ आणि सीडी १० असतं, काहींवर सीडी ३४ही असतं, अगदी ल्युकेमियाच्या पेशींसारखं. तांदळातला खडा शोधणं सोपं. इथे इंद्रायणीच्या पोत्यात इंद्रायणीसारखाच दिसणारा दुसरा दाणा शोधायचाय.

फरक दिसतो तो बारीक गोष्टींत. ल्युकेमियाच्या पेशींवर सीडी ३८ आणि सीडी ८१ बऱ्याचदा कमी झालेलं असतं. आणि सीडी ६६सी, सीडी १२३, सीडी ७३, सीडी ३०४ यांच्यापैकी एखादं उगवलेलं असतं, जे निरोगी कोवळ्या बी-पेशींवर सहसा नसतं. प्रत्येक रुग्णात चारही सापडत नाहीत, कुणात एक तर कुणात दुसरं.

मग युरोफ्लोने काय केलं? तेजस्वी पीई राखून ठेवलं या चौघांसाठीच. पहिल्या नळीत सीडी ६६सी आणि सीडी १२३ दोघांनाही पीई, दुसऱ्या नळीत सीडी ७३ आणि सीडी ३०४ दोघांनाही पीई. दोन प्रथिनांना एकच रंग! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे चुकीचं वाटतं. पण विचार करा, आपल्याला 'यातलं कुठलं' हे कळायची गरजच नाही. 'यातलं एक तरी आहे का' एवढंच विचारायचंय. कोडमध्ये आपण 'ऑर' लिहितो, तेच त्यांनी रसायनात लिहिलं. एक डबा वाचला, गोंगाट कमी झाला.

पण याच वाटणीत एक सांभाळायची जागाही आहे. सीडी १९ला त्यांनी 'पीई-साय ७' दिलंय. हा जोडरंग आहे. पीई उजेड घेतं आणि शेजारी बांधलेल्या साय ७ला देतं, मग तो दूर ७८० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. ही जोडी नाजूक असते. बाटली उजेडात राहिली, नमुना जास्त वेळ पडून राहिला की जोडी तुटते. तुटली की काय उरतं? नुसतं पीई! म्हणजे सीडी १९ असलेली प्रत्येक बी-पेशी, अगदी निरोगीसुद्धा, पीईच्या डब्यात थोडी चमकायला लागते. आणि तोच तर आपला निर्णयाचा डबा. बाटली अंधारात ठेवली नाही एवढ्या कारणाने निरोगी पेशीवर ल्युकेमियाचा संशय येऊ शकतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा जोडरंगाची प्रत्येक नवी बॅच तपासून घेतात.

किती पेशी मोजल्या?

रंग बरोबर निवडले तरी संख्या पुरेशी लागते. पाच लाख पेशी मोजल्या आणि त्यात ०.०१ टक्के असतील, तर हाती येणार ५०. इथेही वर्गमूळाचाच नियम: ५० म्हणजे ५० अधिक-उणे ७. चालेल. पण फक्त ५० हजार पेशी मोजल्या तर हाती येणार ५, अधिक-उणे २. त्यावर मुलाची औषधं ठरवाल का? म्हणूनच मॅरो काढताना पहिल्या ओढीचा नमुना या तपासणीला द्यायचा असतो. पुढच्या ओढींमध्ये साधं रक्त मिसळत जातं आणि मॅरो पातळ होतो.

हे आपल्याकडे कुठे होतं?

लांब नाही. तळेघरहून एसटीने घोडेगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण करत पुण्याकडे निघालात की भोसरी लागते. तिथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', सुरू झाली. आता तिचं नाव बदललंय. एचआयव्हीमध्ये सीडी ४ पेशी मोजणं हे फ्लो सायटोमेट्रीचं देशातलं सगळ्यात ओळखीचं काम. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, तिथेही ही यंत्रं आहेत. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांचं निदान अशाच रंगांनी करते. आणि ए-एल-एलच्या एम-आर-डीचं मोठं काम टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या 'ॲक्ट्रेक'मध्ये चालतं.

टाटाचं नाव निघालंच तर एक ताजा पेच सांगतो. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट यांनी मिळून बनवलेल्या 'नेक्सकार १९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मंजुरी मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून त्यांना सीडी १९ असलेल्या पेशी मारायला शिकवतात. मोठी गोष्ट आहे. पण आपल्या तपासणीचं काय होतं बघा. इतकी वर्षं बी-पेशी ओळखायची पहिली खूण सीडी १९च होती. उपचाराने त्या खुणेवरच हल्ला केला. उरलेल्या ल्युकेमियाच्या पेशी कधी कधी सीडी १९ टाकून देऊन लपतात. जुन्याच पॅनेलने बघितलं तर त्या यादीतूनच गायब, आणि रिपोर्ट छान! म्हणून अशा रुग्णांत सीडी २२, सीडी २४ किंवा पेशीच्या आतलं सीडी ७९ए अशा दुसऱ्या खुणांनी शोध घ्यावा लागतो. म्हणजे वाटणी पुन्हा पहिल्यापासून मांडायची: कुणाला कुठला रंग, कुठला डबा शांत.

मशीनं पुढे जातायत. २०२० साली एकाच नळीत ४० रंगांचं पॅनेल प्रसिद्ध झालं. नवी यंत्रं प्रत्येक रंगाचा पूर्ण वर्णपट वाचतात, त्यामुळे जवळजवळ सारखे रंगही वेगळे ओळखता येतात. पण फोटॉनचा तो वर्गमूळाचा डोलारा त्यांनाही चुकलेला नाही.

तुमच्या कामाचं काय?

आपल्या डोंगरपट्ट्यातून एखादं कुटुंब मुलाला घेऊन पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जातं, हातात इंग्रजी रिपोर्ट मिळतो आणि त्यावर लिहिलेलं असतं 'एम-आर-डी निगेटिव्ह'. बरोबर गेलेला, फोन वापरता येणारा तरुण पोरगा किंवा पोरगी तुम्हीच असता. तेव्हा लक्षात ठेवा: 'निगेटिव्ह' म्हणजे 'शून्य' नव्हे. 'या तपासणीला जिथपर्यंत दिसतं, तिथपर्यंत काही दिसलं नाही', एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांना नम्रपणे तीन प्रश्न विचारता येतात. एक, किती पेशी मोजल्या? दोन, ही तपासणी किती टक्क्यांपर्यंत बघू शकते? तीन, आधी सीडी १९वरचा उपचार झाला असेल, तर ते प्रयोगशाळेला कळवलंय का? हे प्रश्न डॉक्टरांवर अविश्वास म्हणून नाहीत. तिसऱ्या प्रश्नाने तर प्रयोगशाळेला मदतच होते, कारण तुमच्याकडची ती माहिती त्यांच्या पॅनेलची निवड बदलू शकते.

आणि जे बारावी सायन्सला आहेत त्यांच्यासाठी एक. बायो घेतलं म्हणून गणित सोडू नका, आणि कोडिंग येतं म्हणून बायोला नावं ठेवू नका. आज आपण जे बोललो त्यात वर्गमूळ होतं, मॅट्रिक्स होता, शेवाळ होतं आणि एका लहान मुलाचा मॅरो होता. हे काम करणाऱ्याला चारही लागतात.

हळदीचा प्रयोग करून बघा, फोटो पाठवा. काही अडलं असेल तर कॉमेंटमध्ये विचारा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला उत्तरं देतो. चला, भेटू. रेंज असली तर!